सराव सामन्यातला खो

“खडा आहे ना तोंडात?” ह्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. बोराएवढा खडीसाखरेचा खडा डाव्या गालात धरून मी बसले होते. तोंडात काही असलं की बाई ओरडत नाही, हा आमच्या ह्यांचा शोध. शोध लागू पडला होता. इंद्रजितच्या शाळेची शेवटची तीन वर्षं आणि कॉलेजची चार वर्षं त्याचा प्रत्येक सामना मी असाच, गोड तोंडानं आणि मुकाट्यानं पाहिला. दातांचं जे व्हायचं ते झालं.

“सात मिनिटं राहिली,” हे म्हणाले. “कळ काढ तेवढी.”

“उं,” मी म्हणाले.

याला आता चौदा वर्षं होतील. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, दुपारचं ऊन, आणि सत्तर हजार माणसं मावतील अशा स्टेडियममध्ये उरलेली तीन-चार हजार. अमेरिकन फुटबॉलचा मोसम सप्टेंबरात सुरू होतो, त्याआधी सराव सामने असतात. त्यांत नावाजलेले खेळाडू सुरुवातीला थोडं खेळतात आणि टोप्या घालून बाकावर बसतात. ते बसले की लोकही उठून गाड्या काढायला जातात. मग मैदानात उरतात ती अजून पक्की न झालेली पोरं आणि खुर्च्यांवर त्यांचे आईबाप. आम्ही त्यांतलेच. नव्वद पोरांतून त्रेपन्न ठेवायची होती आणि मंगळवारी दुपारी चार वाजता यादी पक्की व्हायची होती. संघाचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्याकडे खेळाडूंपेक्षा वकील जास्त आहेत.

इंद्रजित कॉर्नरबॅक होता. म्हणजे काय, ते मी इचलकरंजीला सासूबाईंना फोनवर समजावलं होतं. समोरच्या संघातला सगळ्यांत चपळ गडी चेंडू झेलायला पळत सुटतो. आपल्या पोरानं त्याच्यासमोर उभं राहायचं, तो निघाला की त्याच्याकडे तोंड ठेवून उलट्या पावली पळायचं, मग गर्रकन वळून त्याच्या बरोबरीनं धावायचं आणि चेंडू त्याला मिळू द्यायचा नाही. जमलं तर आपणच झेलायचा.

“म्हंजे पोरगं मागं मागं पळतंय,” सासूबाई म्हणाल्या, “आणि त्यासाठी त्याला इमानानं नेत्यात?”

“होय.”

“बरं बाई. जेवायला घालत्यात न्हवं?”

जेवायला भरपूर घालत होते. प्रश्न मंगळवारनंतरचा होता. कॉर्नरबॅकच्या सहा जागा, त्यांतल्या पाच ठरल्यासारख्या. सहाव्या जागेसाठी पाच पोरं, आणि त्यांत आमचं पोरगं सगळ्यांत शेवटी, बघू तरी म्हणून बोलावलेलं. मोठ्या कॉलेजातून आलेला नाही, उंचीला दोन इंच कमी, आडनाव कुणाला उच्चारता येत नाही. हावळचं ‘हॉवेल’ करून झालं, ‘हवाला’ करून झालं, शेवटी सगळे त्याला ‘इंडी’ म्हणू लागले. असं बोलावणं एकदा येतं. मंगळवारी नाव नसलं तर सामान बांधून घरी, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

आता खडीसाखरेचं सांगते.

मी इचलकरंजीला शाळेत खो-खोची कॅप्टन होते. आमच्या घरात सोळा पॉवरलूम होते. त्या खडखडाटात चहाला हाक मारायची तर आवाज बेंबीपासूनच काढावा लागायचा, तोच आवाज मैदानात कामाला आला. पुढं मिरजेला नर्सिंग केलं, लग्न झालं, आणि टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेल्या ह्यांना जॉर्जियातल्या डाल्टन गावी गालिचांच्या गिरणीत माल तपासायची नोकरी लागली. हे गिरणीतून नमुन्याचे चौकोनी तुकडे घरी आणायचे. त्यांतले आठ मी परसात एका ओळीत मांडले आणि आमच्या पोराला, शेजारच्या पोरांना खो-खो शिकवला. एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. टाचा उचलून चवड्यावर उकिडवं बसायचं, पाठीवर थाप पडून खो ऐकला की त्याच क्षणी सुटायचं. विचार करत बसायचं नाही. इंद्रजित सहा वर्षांचा होता तेव्हापासून बारा वर्षांचा होईपर्यंत दर संध्याकाळी हेच चालायचं.

मग तो फुटबॉलकडे गेला. पंधराव्या वर्षी शाळेच्या एका सामन्यात तो अगदी माझ्यासमोर वाकून उभा होता. मी न राहवून “जा! जा!” म्हणून ओरडले, आणि चेंडू हलायच्या आत हा रेष ओलांडून धावला. पंचांनी दंड दिला, सामना गेला. घरी आल्यावर म्हणाला, “आई, तू ये. पण ओरडायचं नाही. प्रॉमिस कर.” मी प्रॉमिस केलं. पोराला आपल्या गावठी आवाजाची लाज वाटते असं मनाशी धरलं, दोन दिवस नीट जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनी खडीसाखर आणली.

तर सात मिनिटं राहिली होती.

समोरच्या संघातल्या चेंडू फेकणाऱ्या पोरानं चेंडू आमच्या बाजूच्या कडेला भिरकावला. ज्याच्यासाठी तो होता त्याच्या हातांवर आदळून चेंडू वर उडाला. इंद्रजित मागून आला, आडवा झेपावला आणि जमिनीपासून हातभर वर असताना त्यानं तो पकडला. घसरत आला, गुडघे टेकले, आणि त्या घसरणीतच चेंडू पोटाशी धरून उकिडवा बसला. आमच्यापासून फार तर वीस पावलांवर.

आणि बसूनच राहिला.

ज्याच्या हातून चेंडू सुटला तो पोरगा कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होता. बाकीचे चालत येत होते. शिट्टी वाजली नव्हती. आमचं पोरगं चवड्यावर बसलेलं, टाचा वर, एक हात जमिनीला, तोंडावर हसू. डाल्टनच्या परसात बसायचं तसंच, तसूभर फरक नाही. मला नियमबियम काहीही ठाऊक नव्हता. बसलेलं पोर दिसलं आणि सात वर्षांचं प्रॉमिस कुठल्या कुठं गेलं.

“खोऽऽ!”

खडा गेला तो गेलाच, बहुतेक गिळला. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातातले मक्याचे फुटाणे पार खालच्या पायरीपर्यंत उडाले. आणि इंद्रजित सुटला. वळला नाही, बघितलं नाही, बसल्या जागेवरून जो निघाला तो कमरेवर हात ठेवलेल्या त्या पोराच्या शेजारून निघून गेला. त्यांना कळेपर्यंत वीस यार्ड झाले होते. मग सगळे मागे लागले, पण सत्तर यार्डांत कुणाचा हात त्याच्या सदऱ्याला लागला नाही. पलीकडच्या टोकाला जाऊन तो उभा राहिला आणि पंचांकडे असं बघू लागला, की जणू आपण केलं ते बरोबर की चूक हे त्यांनाच विचारायचं होतं. पंचांनी दोन्ही हात वर केले. पुरे सहा गुण.

“वैजू!” हे माझा दंड धरून म्हणाले. “काय केलंस हे?”

“मला काय माहीत?” मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

सामना संपल्यावर खेळाडू बाहेर येतात त्या दाराशी आम्ही उभे होतो. इंद्रजितबरोबर टर्नबुल नावाचे त्याचे कोच आले. कॉर्नरबॅक पोरांना शिकवायचं काम त्यांचं. साठीचा उंच काटकुळा माणूस, डोळ्यांवर ओढलेली टोपी. आतापर्यंतच्या सहा आठवड्यांत ते इंद्रजितशी मोजून चार वाक्यं बोलले होते आणि त्यांतली तीन ‘पुन्हा कर’ अशी होती.

“मॅम,” ते मला म्हणाले, “डोकं आहे तुमच्या मुलाला. मेल्याचं सोंग घेऊन बसला, ते गाफील होईपर्यंत थांबला, आणि मग उठला. पहिल्या वर्षाच्या पोराला हे सुचत नाही.”

मी फुलून गेले. इंद्रजित बुटांकडे बघत होता.

गाडी निघाली. हे चालवत होते, मी पुढं, इंद्रजित मागं गुडघे छातीशी घेऊन.

“आई.”

“बोल.”

“तू ओरडलीस.”

“ओरडले. सात वर्षांत एकदा. चुकलं माझं.”

“तुला नियम माहीत होता?”

“कसला नियम?”

तो हसायला लागला. “कॉलेजात गुडघा टेकला की खेळ संपतो,” तो म्हणाला. “कुणी शिवो न शिवो. इथं तसं नाही. इथं समोरच्यानं शिवेपर्यंत आपण जिवंत असतो, उठून पळता येतं. मला पाठ होतं ते. पण चार वर्षांची सवय. गुडघा टेकला, मला वाटलं संपलं.”

“मग कोच म्हणाले ते सोंग?”

“कसलं सोंग? मी खरंच मेलो होतो की.”

ह्यांना हसू आवरेना. गाडी बाजूला घेऊन उभी करावी लागली. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं आणि आता ओरडून झालंच होतं, तर तेही बोलून टाकलं.

“लाज वाटली ना आज माझी? सगळ्यांसमोर?”

“लाज?” इंद्रजित पुढं वाकला. “लाज कशाची? तू काय समजत होतीस इतकी वर्षं?”

“हेच.”

“आई, अगं, पन्नास हजार माणसं ओरडतात, मला ऐकू येत नाही. कोच कानाशी ओरडतात, ऐकू येत नाही. तू ओरडलीस की माझे पाय माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. म्हणून नको म्हटलं होतं.”

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. सात वर्षं मी लाजेची म्हणून जी गोष्ट उराशी धरून बसले होते ती ही होती. डोळे भरून आले ते मी उन्हावर ढकललं.

रविवारी सकाळी आमच्या मोटेलमध्ये नाश्ता करताना तो म्हणाला, “मी टर्नबुलना खरं सांगणार आहे.”

मी चमचा खाली ठेवला. “काय खरं?”

“की मला नियम आठवला नव्हता. की सोंगबिंग काही नव्हतं.”

“डोकं फिरलंय का तुझं? विचारलंय त्यांनी?”

“नाही.”

“मग? न विचारता कशाला सांगायचं? मंगळवारपर्यंत गप बसायला काय जातंय? मी तीस वर्षं पेशंटला ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणून सांगत आले, कुणाचं काय बिघडलं?”

“आई, ते मला घेतील ते मला डोकं आहे म्हणून. उद्या खऱ्या सामन्यात मी पुन्हा बसलो तर? तेव्हा सत्तर हजार माणसं असतील. मग?”

“मग मी लई मोठ्यांदा ओरडेन!” मी म्हणाले.

“अहो, तुम्ही तरी सांगा की,” मी ह्यांच्याकडे वळले. हे शांतपणे केळं सोलत होते. आमच्या घरात ह्यांचं मत फार कमी वेळा विचारलं जातं, त्यामुळं ते फार जपून देतात.

“गालिच्यात डाग असला,” हे म्हणाले, “तर आपण आधी दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणतं, चालतंय, दुसऱ्या खोलीत घालू. पण तेच त्याला घरी गेल्यावर दिसलं, की सगळा लॉट परत. चांगला मालही.”

“हा गालिचा आहे व्हय?” मी म्हणाले.

“सांगून ये जा,” हे त्याला म्हणाले आणि केळं खायला लागले.

तो गेला. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. ह्यांच्याशी मी एक अक्षर बोलले नाही. मनातून मला नवऱ्याचाही राग आला होता, पोराचाही, आणि सगळ्यांत जास्त त्या टर्नबुलचा, ज्यानं अजून काही केलंही नव्हतं. दोन तासांनी इंद्रजित आला.

“काय म्हणाले?”

“‘बरं’ म्हणाले.”

“नुसतं बरं?”

“नुसतं बरं.”

“चेहरा कसा होता?”

“आई, त्यांना चेहरा नाहीये. टोपी आहे.”

“आणखी काही विचारलं असेल की!”

“इतक्या झटक्यात उठायला कुठं शिकलास म्हणून विचारलं. मी म्हटलं, गालिच्याच्या तुकड्यावर.”

“देवा,” मी म्हणाले. “आता वेडाच समजले असतील.”

मंगळवारी आम्ही तिघं त्या मोटेलच्या खोलीत टेबलावर त्याचा फोन ठेवून बसलो. पद्धत अशी, की ज्याला काढायचं त्याला चारच्या आत फोन येतो: कोच बोलावताहेत, खेळाचं पुस्तक घेऊन या. संघाचे डाव लिहिलेलं ते पुस्तक परत मागितलं की संपलं. ज्याला ठेवायचं त्याला कुणी फोन करत नाही. म्हणजे फोन वाजला नाही तर आनंद. असा आनंद मी पहिल्यांदाच बघत होते.

अकरा वाजता फोन वाजला. झडप घालून मी उचलला. सासूबाई.

“झालं काय त्याचं?”

“आई, ठेवा फोन! वाजला तर त्याला काढतात!”

“आँ? आन् मी न्हाई केला तर ठिवत्यात? मग आधी सांगायचं न्हाईस!”

साडेबाराला त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पोराचा फोन. त्याला पुस्तक घेऊन बोलावलं होतं. चांगलं पोरगं, आमच्याकडची थालीपीठं आवडीनं खायचं. रडत होतं. इंद्रजित खिडकीशी जाऊन बराच वेळ त्याच्याशी बोलला. तोही त्या सहाव्या जागेच्या रांगेतलाच होता. मला त्याचं वाईट वाटलं, आणि उरले चार, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

दोन वाजले. तीन वाजले. ह्यांनी टीव्ही लावला, मी बंद केला. इंद्रजित पलंगाच्या कडेला पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. साडेतीन. माझे ओठ पुटपुटत होते, कुठल्या देवाचं नाव घेतलं आठवत नाही, बहुतेक सगळ्यांचं घेतलं.

चाराला वीस कमी असताना फोन वाजला.

या वेळी नाव संघाचं होतं. इंद्रजितनं आमच्याकडे बघितलं, पुस्तक उचललं आणि फोन कानाला लावला. “हो सर,” तो म्हणाला. “हो सर. हो, इथंच आहे.” मग त्यानं फोन माझ्यापुढं धरला.

“मी?” मी म्हणाले.

“तूच.”

“मॅम,” टर्नबुल म्हणाले. “मी त्याला काढायला फोन केलेला नाही. यादी गेली. त्यात तो आहे.”

हे म्हणाले, “काय झालं? काय झालं?” मी हातानंच त्यांना गप केलं.

“तो रविवारी येऊन मला म्हणाला, नियम आठवला नव्हता,” टर्नबुल सांगत होते. “त्याआधी त्याचं नाव माझ्या कागदावर नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. सोंग घेणारी पोरं मला दर वर्षी मिळतात. आपली चूक आपण होऊन दाखवणारा पोरगा बावीस वर्षांत दुसरा. चूक कळली की मला ती काढता येते, मॅम. लपवली तर मी काय काढणार? नियम मी त्याला पाच मिनिटांत शिकवला.”

“थँक यू,” मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच, मांजराच्या पिलाचा होता.

“आता माझं काम,” ते म्हणाले. “ते उठणं. तसं मी कुणालाही शिकवू शकलेलो नाही. उद्या सकाळी नऊला येता? पोरांना दाखवायला.”

मी फोन ठेवला. इंद्रजितला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं मला उचललं आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत गोल फिरवलं. हे एका खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

“बोला की काहीतरी,” मी म्हणाले. दोन दिवसांनी मी त्यांच्याशी बोलत होते.

“लॉट पास,” हे म्हणाले.

बुधवारी मी गेले. पंजाबी ड्रेस, हॉस्पिटलातले पांढरे बूट, आणि समोर सहा कॉर्नरबॅक, एकेकाचं मनगट माझ्या पोटरीएवढं. मी म्हटलं, आधी उकिडवं बसा. आणि सांगते काय, आमचा सोडून एकालाही बसता येईना! खुर्चीत वाढलेली पोरं ती. एक मागं कलंडला, त्याला धरायला गेला तो त्याच्यावर पडला. तिसरा म्हणाला, मॅम, माझे गुडघे तुम्ही म्हणता तसे दुमडत नाहीत. ज्या पोरांना बघून सत्तर हजार लोक टाळ्या पिटायचे, ती पोरं बावन्न वर्षांच्या नर्सबाईसमोर हिरवळीवर लोळत होती. टर्नबुलांनी त्या दिवशी टोपी काढली. आत चेहरा होता आणि तो हसत होता. आठवड्याभरात चौघांना जमलं. त्यांतला एक अजून मला दर दिवाळीला फोन करतो. त्याला दिवाळी कधी असते हे माहीत नसतं, त्यामुळं कधीही करतो.

इंद्रजित पुढं सात वर्षं खेळला. दोन संघ, अकरा चेंडू पळवले, एकदा खांदा निखळला, दोनदा बोटं मोडली. आता एका शाळेत पोरांना शिकवतो आणि ‘पुन्हा कर’ म्हणतो. ते सगळं कुठं ना कुठं लिहिलेलं सापडेल. मला सांगायचंय ते त्या सप्टेंबरातल्या पहिल्या खऱ्या सामन्याचं.

स्टेडियम भरलेलं होतं. सत्तर हजार माणसं म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं. शेजारी बसलेल्या ह्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, आणि मी पॉवरलूमच्या घरातली. तोंडात काही ठेवलं नव्हतं. आता बंदी उठली होती. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात एक कॉर्नरबॅक लंगडत बाहेर गेला आणि त्रेचाळीस नंबरचा सदरा मैदानात आला.

पहिलाच डाव. समोरचा गडी निघाला, इंद्रजित उलट्या पावली मागं गेला, वळला, आणि वळताना त्याचा पाय सरकला. पडला. गुडघ्यावर, चेहरा गवताकडे. तो गडी पुढं पळत होता आणि चेंडू हवेत होता.

मी ताडकन उठले. बेंबीपासून श्वास घेतला. तेवढ्यात माझी ओढणी खाली खेचली गेली.

“बस,” हे माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले.

“अहो, पडलाय तो!”

“पडू दे. बस तू.”

“त्याला कोण उठवणार?”

“खो दिलायस ना त्याला?” हे म्हणाले. “खो दिला की आपण बसायचं असतं. मी सांगायचं का तुला, कॅप्टन?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. मग मैदानाकडे बघितलं. तो केव्हाच उठला होता आणि त्या गड्याच्या मागं, जीव खाऊन, पळत होता.

मी बसले.